पहिला घाव

मखमलाबादला शेजारच्या द्राक्षघडांना
कागदाच्या टोप्या घालतात.
मण्यांना मापाची रिंग, वहीत तारीख,
जहाजात जागा.
माझ्या भोपळ्याला
फाटक्या बारदानाची उशी आणि खाली एक वीट,
ओल लागू नये म्हणून.

सात वर्षांची होते तेव्हा मावशीने
राखेत घोळलेल्या अकरा बिया मुठीत दिल्या.
म्हणाली, उभी पेर, टोक खाली.
आता एकाहत्तर.
त्या बियांच्या बियांच्या बिया
दूध-पावडरच्या डब्यात आहेत.
डबा तीनदा बदलला.

पहाटे कालव्यावरून गारवा येतो
तेव्हा फुलं उघडतात, पिवळी, बशीएवढी,
आणि नऊ वाजता, कुणी ओरडल्यासारखी, मिटतात.
मधमाश्या हल्ली कमी.
फवारणीचा ट्रॅक्टर शेजारून गेला
की चार दिवस फिरकत नाहीत.
मग मीच नर फूल खुडते, पाकळ्या सोलते,
एकेका मादीच्या कानात
निरोप सांगावा तसं फिरवते.
नाना कट्ट्यावरून चहा पीत विचारायचे,
"लागली का लग्नं?"
"चार लागली. एक मुलगी नाही म्हणाली."

धरलेल्या फळाला बोट दाखवायचं नाही,
कुजतं.
मी कोपराने दाखवते.
पाहुण्यांना वाटतं, हात धरलाय.

शेण मी कालवलं, आळी मी केली,
तांबडे भुंगेरे चिमटीत मी मारले.
देठ वाळला का, सालीत नख रुततं का,
टिचकी मारली की पोट कच्चं बोलतं की भरलेलं,
ते गल्लीत मलाच कळतं.
पण अख्खा भोपळा बाईने चिरायचा नाही.
थोरला मुलगा असतो म्हणे तो.
पहिला घाव पुरुषाचा.
नाना यायचे, विळा टेकवून एक चीर द्यायचे,
हात झटकून पुन्हा पेपरात.
विळ्या-भोपळ्याचं वैर म्हणतात;
मध्ये बसलेल्या बाईचं
काय ते कुणी सांगितलेलं नाही.

नाना गेले त्या साली सतरा भोपळे आले.
एक दूधवाल्याने चिरला, दोन गॅसवाल्याने.
कुरियरच्या पोराने हेल्मेट न काढता
आधी माझी सही घेतली, मग घाव घातला,
आणि विचारलं, "आजी, रेटिंग द्याल ना?"
एकदा तर समोरच्या फ्लॅटमधला ओजस,
वय वर्षं आठ, विळा त्याच्याहून जड.
मी त्याचा हात धरला.
जोर माझा, पुरुषपण त्याचं.
नियम शाबूत राहिला.

माघातल्या एका दुपारी कुणीच आलं नाही.
तेरा किलोचा होता, राखी सालीचा, खाचाखाचांचा.
गूळ किसून ठेवलेला, त्याला मुंग्यांनी वाट काढली.
दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले.
मग पाय पसरून बसले, मांडीशी घेतला.
म्हटलं, "बघ बाबा,
थोरला असशील तर आईचा हात ओळखशील."

सालीने आधी ऐकलं नाही.
मग एकदम दिलं.
आत ओला केशरी उजेड, धागे धागे,
आणि दाटीवाटीने बिया,
सगळ्या माझ्याकडे तोंड करून,
बाहेर काय चाललंय ते बघायला उठल्यासारख्या.

मी थोडा वेळ थांबले.
शेजारचा पंप सुरू झाला.
ओजसची आई गच्चीत चादर झटकत होती.
आणखी काही झालं नाही.

घारगे केले.
दोन नानांच्या फोटोपुढे ठेवले.
तिसरा, कढईतून निघालेला,
बोटं पोळत, उभ्या उभ्या
मी खाल्ला.

बिया राखेत घोळून सुपात वाळत घातल्यात.
चिमण्यांवर लक्ष ठेवायला हवं.