खालचा माणूस

मुणग्याच्या खाडीत सडलेल्या होडीचं इंजिन
दावूद मुकादमनं किलोच्या भावानं दिलं.
चाकं जुन्या मारुतीची, एक वर, एक खाली.
रुळांना बागेच्या फाटकाचे अँगल.
पट्टी तेवढी नवी, कोल्हापूरहून,
एस्टीत मांडीवर घेऊन आलो.

तीन महिने वेल्डिंग. दोनदा पट्टी सुटली,
एकदा थेट पडवीच्या कौलांत.
सुलभाकाकीनं देवळात गाऱ्हाणं घातलं.
इंजिन तापलं की अजून
बांगड्याचा वास येतो.

पहिला ओंडका फणसाचा.
आबांनी स्वतः सूत मारलं, कावेत बुडवून,
एक डोळा मिटून.
हातभर कापल्यावर ठिणग्या उडाल्या:
खोडाच्या पोटात कडी.
कुणी कधी म्हैस बांधली असेल,
झाडानं गिळून टाकलेली.
दोन दात गेले. बाकीचे कानशीनं घासून
पुन्हा सुरू.

फळी सुटली, पिवळीधमक.
आबा तिच्याकडे बघतच नव्हते.
गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून,
खालच्या चाकाशी काहीतरी शोधत होते.
"खालचो माणूस खंय?"

मोठ्या करवतीला दोघं लागत.
वरचा रेघ सांभाळायचा.
खालचा खड्ड्यात, तोंड वर करून,
भुसा झेलत.
आबा चाळीस वर्षं खालचे.

"कोण नाय," मी ओरडलो, "लागणा नाय."

ते हसले की काय,
इंजिनापुढे कळलं नाही.
पंचाच्या टोकानं त्यांनी डोळे पुसले,
सवयीनं.
भुसा तर तिकडे पडत होता.