रकाना सत्तेचाळीस

अजमानच्या टायपिंग सेंटरात बावीस वर्षं
मी दुसऱ्यांचे फॉर्म भरते.
व्हिसा, भाडेकरार, बाळाचा जन्म, मयताची रवानगी.
नाव पासपोर्टावर असेल तसंच,
बापाचं नाव, त्याच्या बापाचं,
आणि समोरच्याला उत्तर येत नसेल
तर एक आडवी रेघ.
आडव्या रेघेला इथे कुणी हरकत घेत नाही.

सकाळी बोटं उघडत नाहीत माझी.
गरम पाण्याच्या टोपात मुठी धरून बसते,
वाफेवर तिसऱ्या तोंड उघडतात
तशी सुटतात एकेक.
एखादी उघडतच नाही.
तसली आम्ही केळशीला फेकून द्यायचो.

विम्यातल्या डॉक्टरने सात मिनिटांत सांगितलं:
संधिवात. आपलंच रक्त आपल्या सांध्यांवर उठलंय.
शुक्रवारी गोळी, शनिवारी तिचा उतारा.
सूज उतरली, खोटं का बोलू.
थकवा मात्र राहिला,
नोटीस देऊनही न हलणाऱ्या भाडेकरूसारखा.

मग शेजारच्या काउंटरवरच्या शीजाने
शारजाच्या एका डॉक्टरबाईंचा नंबर दिला.
डॉक्टर सुहा, मूळच्या मोसुलच्या. विमा चालत नाही.
पहिल्या भेटीचे पैसे ऐकून मी फोन ठेवला,
आणि बांगड्यांसाठी साठवलेले मोजून
चौथ्या दिवशी पुन्हा केला.

त्यांनी मला फॉर्म दिला.
अठरा पानी.
मला हसूच आलं.

लहानपणी पोट कसं असायचं?
झोपायच्या खोलीला खिडकी आहे का?
आठवड्यात ताटात किती रंग?
उन्हात रोज किती वेळ?
बसथांबा ते दुकान, मी लिहिलं.
(रिपोर्ट आला, ड जीवनसत्त्व नऊ.
बाहेर पंचेचाळीस डिग्री.
शीजा म्हणाली, सगळ्या बिल्डिंगचं हेच आहे.)
एखाद्या मोठ्या दुःखाची तारीख?
अब्बांची लिहिली.
कितीकांच्या मयताचे कागद या हातांनी केले,
त्यांच्या मातीला पोचले नाही.

रकाना सत्तेचाळीस:
शेवटचं पूर्ण बरं कधी वाटलं होतं?

पेन सवयीने आडवं झालं.
डॉक्टर सुहा म्हणाल्या, रेघ नको.
बसू या.
आणि खरंच बसल्या,
घड्याळाकडे पाठ करून.

सतरा वर्षांपूर्वीचा रमजान. लिफ्ट बंद.
पाण्याचा मोठा बाटला कमरेवर घेऊन
मी सात मजले चढले, अजानच्या आत.
दार उघडून अस्लम म्हणाला, एवढं हसतेस काय?
दम लागला नव्हता.
लागला नाही हेही कळलं नव्हतं.
तारीख टिपून ठेवायचा दिवस
असा बिनतारखेचा गेला.

गोळी सोडायची नाही, त्यांनी दोनदा बजावलं.
गहू तीन महिने बंद. म्हणजे तांदळाची भाकरी,
त्यासाठी एवढे दिरहम मोजले, अस्लम पुटपुटला.
तारली आठवड्यातून तीनदा.
रात्री दहानंतर फोन दुसऱ्या खोलीत.
दुसरी खोली नाही, म्हटलं.
मग फ्रीजवर.
साडेसहाला कॉर्निशवर, बाह्या कोपरापर्यंत.
पहिले काही दिवस कुणी बघतंय का हेच बघत चालले.

तीन महिन्यांनी सूजेचा आकडा थोडा उतरला.
कशाने, ते त्या छातीठोक सांगत नाहीत.
गोळीने, उन्हाने, तारलीने,
की अठरा पानं कुणीतरी शेवटपर्यंत वाचली म्हणून.
बोटं अजून टोपात जातात.
पण चहा होईपर्यंतच.

काल चितगावचा एक वेल्डर आला,
आजारपणाच्या रजेचा अर्ज.
'त्रास कधीपासून' या रकान्यापाशी अडला.
माझं बोट रेघेच्या बटनावर होतं.
उचललं.
खुर्ची पुढे सरकवली त्याच्याकडे.

मागे सात माणसं उभी होती.
असू देत.