डावी बाही

आधी बटाटे उरायला लागले.
ताटाच्या डाव्या अंगाला तीन, कधी चार,
आणि तू म्हणायचीस, आज कमीच वाढलंस, हानुस.
मी ताट फिरवून ठेवायचो. तू खायचीस.
आपण हसायचो. एवढंच.

मग दाराची डावी चौकट
रोज तुझ्या खांद्याला लागू लागली.
वय झालं, म्हणालो मी.
फेरो बेटांवर माणसं तोल गेला
की वाऱ्यालाच बोल लावतात.

खरं बोलला तो स्वेटर.
चाळीस वर्षं न बघता चाललेल्या तुझ्या सुया;
त्या हिवाळ्यात उजव्या बाहीवर नक्षी पुरती,
डावीवर टाके गळलेले,
आणि कोपराच्या जरा पुढे बाही संपलेलीच,
धुक्यात कड्यावरची वाट संपते तशी.
"झाला बघ," म्हणत तू घडी घातलीस.
माझ्या पोटात गोळा आला.

तोर्सहाव्नला डॉक्टरीणबाईंनी
कागद पुढे केला : घड्याळ काढा.
तू बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबलेस,
भिंतीच्या आडोशाला मेंढरं उभी राहतात तसे.
बाईंनी पेन खाली ठेवलं. अगदी हळू.

गाठ आहे, म्हणाल्या.
विणणाऱ्या बाईला गाठ काय नवी, सुनीवा?
पण ही तुझ्या हातची नव्हती.

कोपनहेगनला तुला जागं ठेवूनच डोकं उघडलं.
अंगठा एकेका बोटाला लावत राहा, म्हणाले.
एका जागी तुझं बोट अडलं.
सर्जनही अडला.
तेवढा धागा त्यानं तसाच सोडला,
कारण त्याला तुझा हात बांधलेला होता.

सगळी नाही निघाली. हे आम्हाला नीट सांगितलं,
खुर्चीवर बसून, घाई न करता.

आता सूज उतरवायच्या गोळ्या,
त्यांनी रात्री तीनला लागणारी तुझी भूक,
झटका येऊ नये म्हणून वेगळ्या गोळ्या,
गाडीची किल्ली माझ्या खिशात (त्यावरून भांडण),
दर तीन महिन्यांनी फोटो,
आणि फोटोआधीच्या आठवड्यात
घरात कुणीच पुढच्या उन्हाळ्याचं बोलत नाही.

चौकटीला मी लाल पट्टी चिकटवलीय. ताटालाही.
तो स्वेटर मीच घालतो, डावा हात गारठतो.

आणि संध्याकाळी मुद्दाम
तुझ्या डावीकडे बसतो,
म्हणजे मला शोधायला तुला वळावं लागतं.

कधी वळतेस.
कधी समोर समुद्राकडे बघत विचारतेस,
हानुस कुठे गेला?