त्याचा तो

सकाळी साडेसहाला बेल वाजते.
उपाशीपोटी दार उघडतो.
लॅबचा माणूस, हातात निळी पेटी,
गळ्यातल्या ओळखपत्रावर: निनाद भिलारे.

"सर, मूठ घट्ट करा."
मी तेव्हा ओळखलं. त्यानं मला
बहुधा पत्ता वाचतानाच:
म्हस्के सर, तळमजला, सहकारनगर दोन.

नववी ब. दत्तवाडीची शाळा.
फळ्यावर कुणीतरी लिहिलेलं: निनादबाई.
खाली कंबर लचकवलेलं चित्र.
मी डस्टर घेतलं, पुसलं,
म्हणालो, "चला, विभक्ती."
आणि ओठांच्या कोपऱ्यात जरासा हसलो.
पहिल्या बाकानं ते टिपलं,
शेवटच्या बाकापर्यंत पोचवलं.

मग तो शाळेत पाणी प्यायचा बंद झाला.
प्यायलं की मुतारीत जावं लागतं,
आणि मुतारीत ते चौघे असायचे.
हे मला ढवळे शिपायानं सांगितलं.
मी शिक्षकांच्या खोलीत चहा फुंकत म्हणालो,
"मोठा झालाय आता. त्याचा तो बघेल."

आई आली एकदा, मंडईतून थेट, पिशवीत मेथी.
"सर, ह्याला नीट करा."
नीट म्हणजे काय, हे न विचारता
मी कराटेच्या वर्गाचा पत्ता दिला,
एका डॉक्टरांचाही.
त्या डॉक्टरांनी पोराचं काय केलं
ते विचारलं नाही.
दहावीच्या हजेरीत त्याच्या नावापुढे
ऑगस्टपासून गै. गै. गै.

"घरी कोण कोण?"
सुई आत असताना माणूस काहीही विचारतो.
"आम्ही दोघं. प्रज्वल आणि मी."
नळी बदलतो. "धायरीत. ही सहावी खोली.
पाच ठिकाणी मावसभाऊ सांगितलं.
इथं खरं सांगितलंय. बघू किती टिकतंय."

कोपरात कापूस दाबून बसतो मी.
एकतीस वर्षं मराठी शिकवली,
षष्ठीचे प्रत्यय घोकून घेतले, चा ची चे,
आणि 'त्याचा तो' म्हणजे
एकटा सोडलेला नव्हे,
त्याचा, स्वतःचा, कुणीतरी तो,
हे कळायला सकाळचे सहा चाळीस व्हावे लागले.

"तीन महिन्यांची साखर कळते ह्यात,"
तो नळीवर माझं नाव लिहितो.
अक्षर अजून तसंच, टपोरं.
मी म्हणतो, "निनाद, तो फळा मी
नुसता पुसला रे."
पेटीची कडी लावत तो म्हणतो,
"हो. डस्टर झटकलंत,
खडू माझ्या अंगावर उडाला."
जाऊ दे सर, असं म्हणत नाही.
तसं म्हणायला लावायचा मला हक्कही नाही.

रविवारी सोसायटीची मीटिंग.
भाडेकरू फॅमिलीवालेच हवेत, ठराव क्रमांक चार.
मी हात वर केला, निळा डाग पडलेला.
"फॅमिली म्हणजे कोण, ते आधी लिहा.
दोन पुरुष एका घरात नांदत असतील तर?"
जोगळेकर म्हणाले, "सर, तुमची शुगर वाढलीय!"
सगळे हसले.
मी हसलो नाही.
एवढंच जमलं त्या दिवशी.
ठराव पास झाला, विरोधात एक मत.

गुरुवारी शाळेत गेलो.
म्हटलं, मधल्या सुट्टीत मुतारीपाशी
एखादे शिक्षक उभे राहू द्या.
आणि फळ्यावर काही लिहिलेलं दिसलं
तर पुसायची घाई करू नका,
आधी वर्गाशी बोला.
नव्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "का हो, काय झालं?"
मी सगळं सांगितलं,
नावांसकट. आधी माझं.
"अहो पण सर, वीस वर्षं झाली त्याला."

खिडकीबाहेर घंटा झाली, मैदान रिकामं झालं.
कोपऱ्यातल्या नळाला एक मुलगा अजून वाकलेला,
ओंजळीनं पाणी पीत होता,
घोटाघोटाला मागं वळून बघत.