पायरी

ओरेस्ट पाव्ल्युक तिसऱ्यांदा दुकानात आला
आणि तिसऱ्यांदा त्यानं तेच विचारलं,
"गोल नळीची घेऊ, की सपाट फळीची?"
बाहेर उणे एकतीस.
त्याचा पिकअप दारात धुगधुगत ठेवलेला,
कारण बंद केला तर पुन्हा सुरू होईल
अशी योर्कटनमध्ये जानेवारीत कुणी हमी देत नाही.

मी सगळ्यांना सांगतो ते त्यालाही सांगितलं.
नळी देखणी, पण ओल्या बुटाला दगा देते.
फळी रुंद, पण तिच्यावर चिखल बसतो,
चिखलावर बर्फ, बर्फावर रस्त्याचं मीठ,
आणि मीठ कुणाचंच ऐकत नाही.
दार उघडताच आपोआप खाली येणारी एक असते,
महाग, आज्ञाधारक,
पण थंडीत अर्ध्यावरच अडकते
दमलेल्या कुत्र्याच्या जिभेसारखी.

कुत्र्याचं नाव काढताच तो म्हणाला,
"कुत्र्यासाठीच हवीय. म्हातारा झालाय."
"कुठाय? आणलाय का गाडीत?"
मिशीवरचं बर्फ वितळून गळत होतं.
"मार्चमध्ये गेला," तो म्हणाला.

मग बराच वेळ हीटरच बोलत राहिला.

शेवटी त्यानं खिशातून नारिंगी सुतळी काढली,
गवताचे भारे बांधतात ती.
तिला एका ठिकाणी गाठ.
"जमिनीपासून गाठीपर्यंत. याहून वर नको."
मी टेप लावली. अकरा इंच.
"कशाची उंची ही?"
तो भिंतीवरचे वायपर बघू लागला,
जणू आज वायपरच घ्यायला आला होता.
"दुधाचा क्रेट," म्हणाला, "पालथा घातलेला."

नेटीच्या खुब्याचं ऑपरेशन सप्टेंबरात झालं.
तेव्हापासून ती क्रेटवर चढते, सीटवर बसते,
आणि क्रेटला बांधलेली दोरी ओढून
तो वर घेते, पायापाशी.
विचारलं तर सांगते, बटाट्यांसाठी आहे.
ती बिंगोला गेली तेव्हा त्यानं चोरून माप घेतलं होतं.

पायरी ओळखून वागावं म्हणतात.
मला वाटलं, या माणसानं ती सुतळीनं मोजून आणलीय.

आम्ही फळी निवडली, जाळीची,
बर्फ खाली गळून जाईल अशी,
दोन्ही दारांखाली आणखी एक खोल टप्पा असलेली.
चेसिसचे बोल्ट सोडवायला मला दोन तास लागले,
एक तर तुटलाच,
आणि मी आडवा पडून जे बोललो
ते गाडीनं मनाला लावून घेतलं नसावं.

दुपारी नेटी आली, काठी न घेता.
पायरीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं नाही.
एक पाय ठेवला, दुसरा ठेवला,
आणि आत न बसता तिथंच उभी राहिली,
दाराची चौकट धरून, मान वर करून.
"ओरेस्ट," ती म्हणाली,
"छताला गंज लागलाय, माहितीय का तुला?"

ओरेस्ट माझ्याहून बुटका.
अठरा वर्षांत त्यानंही ते छत पाहिलं नव्हतं.
तो वळसा घालून गेला, आपल्या बाजूनं चढला.
दोघं छताच्या दोन्ही अंगांना,
मध्ये बशीएवढा तांबडा डाग,
तो हातमोज्यानं खरवडायचा,
ती म्हणायची, "खरवडू नकोस, पसरेल."
तोंडातली वाफ एकमेकांकडे जात होती.
मी बिल घेऊन खाली उभा,
पाय बधिर होईतो.

शेवटी ती आत बसली. बेल्ट लावला.
मी क्रेट उचलला. "हा इथंच टाकून देऊ?"

"बटाट्यांसाठी आहे तो," नेटी म्हणाली,
आणि दोरीला एक हिसका दिला.

ओरेस्टनं वायपर लावले.
काच कोरडीच होती.