शिल्लक युनिटं

ठराव क्रमांक सात. सूचक आगाशे, अनुमोदक मी.
विरोध: फडतरे, चौथा मजला,
ज्यांच्या डोक्यावर गच्ची आहे
आणि म्हणून, त्यांच्या मते, सूर्यही.

दोन वर्षं गेली सभांमध्ये.
गच्ची गळेल. कबुतरं बसतील.
मी तर भाडेकरू ठेवलाय,
त्याच्या लिफ्टसाठी मी का भरू?
अनुदान येतं म्हणता, कुणाच्या खात्यात आलंय, दाखवा.
मी खजिनदार. मी तक्ता दाखवला,
साडेचार वर्षांत पैसे फिटतात.
सहस्रबुद्धे, वय ब्याऐंशी,
चष्मा पुसत म्हणाले,
"माझ्या हिशोबात ही दीर्घ मुदत."
आणि पहिला चेक त्यांनीच फाडला.

मग कर्ज, मग मंजुरी, मग मीटर नाही.
दोन्हीकडून मोजणारं ते मीटर
रास्ता पेठेतून निघालंय म्हणे;
धनकवडीला पोचायला त्याला अकरा आठवडे लागले.
तोवर पॅनेलं नुसतीच तापली
आणि हप्ता मात्र वेळेवर गेला.

आता पंप पाणी चढवतो, जिना उजळतो,
आणि बिलात उरतो फक्त स्थिर आकार.
फडतरे ते बिल ग्रुपवर टाकतात,
जणू नातवाचा निकाल.

एक ते चार शटर ओढून बसणाऱ्या या गावात
एक ते चारच खरी कमाई,
लिफ्ट तेव्हा रिकामी उभी असते.
मार्चची एकतीस आली, वही मिटली:
सहाशे बारा युनिटं शिल्लक.
कंपनी घेते ती,
पण घेताना आपल्याला जो भाव, तो देताना नाही.
मंडईत संध्याकाळची कोथिंबीर जाते तसा.
"तारा त्यांच्या, खांब त्यांचे,
रात्री तुमचा सूर्य कुठं असतो?"
आगाशे विचारतात, आणि बरोबर विचारतात.

फाटकाशी मालन परीट.
कोळशाची इस्त्री, उचलताना मनगट वाकतं.
"ताई, वर एवढी वीज होते म्हणतात,
एक प्लग खाली येईल का? फुकट नको."

मी परिपत्रकं काढली.
सामाईक मीटर घरगुती. इस्त्री हा धंदा.
घरगुती विजेवर धंदा म्हणजे गैरवापर,
सापडलं तर दंड साऱ्या इमारतीला.
हे मी तिला नीट, मुद्देसूद समजावलं.
ती आमचाच एक शर्ट घडी घालत ऐकत होती.
"म्हणजे कंपनीला स्वस्तात देता येते,
मला महागात पण नाही."

बत्तीस वर्षं मी बँकेत काढली.
हे वाक्य जमेत धरायचं की नावे टाकायचं,
अजून ठरलेलं नाही.
आयत्या वेळच्या विषयांत मी लिहिलं: वेगळं मीटर, मालनबाई.
गणपूर्तीअभावी सभा तहकूब.

रविवारी ती गच्चीवर आली, बादली, फडकं घेऊन.
पॅनेलं धुण्याचं कामही तिच्याकडेच, महिना आठशे.
फडक्याला धूळ लागली, कबुतरांची घाण लागली,
आणि करडी, मऊ, ओळखीची राख,
तिच्याच भट्टीची, वाऱ्यानं चार मजले वर आणलेली.

इन्व्हर्टरवरचा आकडा चढला.
मी तो वहीत लिहिला.
ती खाली गेली
आणि कोळसे फुंकू लागली.