मातीचं कोकरू

कालव्याकाठी, परक्यांच्या मुलखात,
बाबा कोकरू कापायला शिकले ते मातीवर.
त्यांचे वडील ओल्या चिखलाचं कोकरू करायचे,
पोटात बोटाने दोन गुरदे रोवायचे,
काळजावरचा पडदा खजुराच्या पानाचा,
आणि म्हणायचे, सुरी अशी. अंगठा इथे.
चरबी वेदीची, कातडं आपलं,
रक्त कुणाचंच नाही.
मंदिर जळून तेव्हा कित्येक वर्षं झाली होती.
रोज संध्याकाळी ते कोकरू मोडायचं
आणि त्याच मातीचं उद्या दुसरं व्हायचं.

मग परतीची वाट. चार महिने.
बाबांच्या कमरेला सुरी,
रक्त न पाहिलेली.

येरुशलेमात वेदी आधी उभी राहिली, भिंती नंतर.
नोंदणीला मिब्साम नावाचा कारकून बसला होता.
वाईट माणूस नव्हता. डोळे आले होते त्याचे,
सारखा बाहीला पुसायचा.
"कुणाचे तुम्ही?"
"मी शमीर, मल्लूखचा. मल्लूख यखीनचा. यखीन..."
बाबांनी बारा नावं एका दमात म्हटली,
विहिरीत पोहरा सोडावा तशी,
पाणी लागेपर्यंत.
कारकुनाचं बोट चर्मपटावर सरकत गेलं
आणि सातव्या नावाशी थांबलं.

नदी ओलांडताना तो उंट पाण्यात बसला होता.

"इथे डाग आहे," मिब्साम म्हणाला.
"डागाच्या वर तुमची माणसं आहेत,
डागाच्या खाली तुमची माणसं आहेत.
पण डागाला मी कुणाचा मुलगा म्हणू?"

मी मागे उभी होते, घागर घेऊन.
बारा नावं, बारा पुरुष,
जणू एकाने दुसऱ्याला नऊ महिने वाहिलं,
जणू कुणाची नाळ कुणी कापलीच नाही.
त्या सातव्याची आई मला ठाऊक होती:
डाव्या पायाला सहा बोटं,
मसूर निवडताना स्वतःशी भांडायची म्हणे.
आईला तिच्या सासूने सांगितलं, सासूला तिच्या सासूने.
पाण्याने ती पुसली गेली नाही,
कारण ती लिहिलेलीच नव्हती.
पण मला कुणी विचारलं नाही.
माझं नावही विचारलं नाही,
म्हणून सांगत नाही.

ठरलं ते असं: उरीम आणि थुम्मीम घेऊन
कुणी याजक उभा राहीपर्यंत थांबा.
तोवर पवित्र वाटा खायचा नाही.
तो याजक अजून उभा राहिलेला नाही.
बाबांना लाकडं निवडायचं काम मिळालं.
किडकं लाकूड वेदीला चालत नाही.
बाबा एकेक ओंडका कानाला लावून ऐकत,
आत कुणी कुरतडतंय का.

माझं लग्न हशूबशी झालं.
त्याचं कूळ कोरडं, एक अक्षर विरघळलेलं नाही.
पहिल्याच सणाला घरी वाटा आला, उजवी मांडी.
मी खाल्ली. रुचकर होती, खोटं का बोलू.
बाबा आले की मी मांसावर टोपलं पालथं घालायची
आणि त्यांना मसूर वाढायची.
ते टोपल्याकडे बघायचे नाहीत.
जेवण्याआधी मात्र हात धुवायचे, पाय धुवायचे,
वेदीपुढे निघालेल्या माणसासारखे,
मसुरासाठी.

हशूब भला माणूस. पण सुरी धरतो
कांदा चिरल्यासारखी.
जब्दी सात वर्षांचा झाला तेव्हा
मी अंगणात पाणी ओतलं, माती मळली,
आणि बोलले काही नाही.
बाबा बराच वेळ उभे होते.
मग उकिडवे बसले.

आज जब्दीची पहिली पाळी.
वाचणाऱ्याने वाचलं: जब्दी हशूबचा, हशूब अमक्याचा,
खाली, आणखी खाली,
कुठेही ओल नाही.
बायकांच्या गर्दीत मी टाचा उंचावल्या.
सुरीआधी त्याने अंगठा ठेवला.
तिथेच.

बाबा लाकडांच्या ढिगाशी होते.
पाहत होते की नाही, कळलं नाही.
ओंडका कानाशी तसाच धरलेला.